खुला बाजार आणि महाराष्ट्राची तिजोरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्याच्या अर्थसंकल्पावर कुठेही बोललो की ठरावीक शंका पुढे येतातच. कुणी रागाने विचारतं, कुणाला खरोखर समजून घ्यायचं असतं. दोघांसाठीही उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. मी खुल्या अर्थव्यवस्थेचा समर्थक आहे आणि हे पान त्याच बाजूने लिहिलं आहे. जिथे आमच्यातच मतभेद आहेत तिथे तसं सांगितलं आहे.

खुल्या बाजाराचे समर्थक म्हणजे ‘सरकारच नको’ म्हणणारे का?

नाही. पोलीस, न्यायालयं, जमिनीच्या नोंदी, रस्ते, पिण्याचं पाणी, साथीच्या रोगांचा बंदोबस्त, दुष्काळात कुणी उपाशी राहू नये याची काळजी, ही सरकारचीच कामं आहेत. आमची तक्रार अशी की ही कामं अर्धवट पडून राहतात आणि सरकार भलत्याच ठिकाणी हात घालून बसतं. सातबाऱ्यावर वारसाची नोंद लागायला महिने जातात. बांधाचा दिवाणी दावा बापाने लावला तर निकाल मुलगा ऐकतो. पण साखर कारखाना कुणी किती अंतरावर काढायचा, रिक्षा किती धावायच्या, चाळीतल्या खोलीचं भाडं किती घ्यायचं, हे ठरवायला सरकारला वेळ असतो.

दुसरा मुद्दा किमतीचा. बाजारातली किंमत ही एक बातमी असते. लासलगावला कांद्याचा भाव चढला की नगरचा शेतकरी लागवड वाढवतो, गुजरातचा व्यापारी माल हलवतो, घरातली बाई एक कांदा कमी चिरते. कुणी कुणाला परिपत्रक पाठवलेलं नसतं. सरकारने भाव दाबला की ही बातमीच खोटी होते, आणि खोट्या बातमीवर लाखो लोक आपापले निर्णय घेतात.

राज्याचा पैसा येतो कुठून आणि जातो कुठे?

१० मार्च २०२५ रोजी मांडलेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प घेऊ. एकूण आकार ७ लाख कोटी रुपयांचा. महसुली जमा, म्हणजे करांतून आणि इतर उत्पन्नातून येणारा पैसा, ५,६०,९६४ कोटी. महसुली खर्च, म्हणजे रोजचा चालू खर्च, ६,०६,८५५ कोटी. म्हणजे महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट (सगळा खर्च भागवायला वर्षभरात काढावं लागणारं एकूण कर्ज) १,३६,२३५ कोटी. डोक्यावरचं कर्ज ९.३२ लाख कोटींवर जाईल असा अंदाज त्यातच दिला होता.

येणारा पैसा मुख्यतः जीएसटीचा राज्याचा वाटा, पेट्रोल-डिझेल आणि दारूवरचा कर, मुद्रांक व नोंदणी शुल्क, वाहन कर, वीज शुल्क आणि केंद्राकडून मिळणारा हिस्सा. केंद्राच्या करांतलं राज्यांना काय द्यायचं हे सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना वाटायच्या रकमेत महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के ठरवला होता. जाणाऱ्या पैशात पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन बाबींवरच महसुली जमेचा निम्म्याहून अधिक भाग संपतो. रस्ता, धरण, शाळा, दवाखाना, सगळं उरलेल्यातून किंवा कर्जातून.

महाराष्ट्राचं कर्ज तर राज्याच्या उत्पन्नाच्या मर्यादेत आहे. मग ओरड कशाला?

हे अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्याचं श्रेय द्यायला हवं. सकल राज्य उत्पन्नाशी, म्हणजे राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वर्षभराच्या एकूण उलाढालीच्या मूल्याशी, तुलना केली तर २०२५-२६ च्या अंदाजात महाराष्ट्राचं कर्ज १९ टक्क्यांच्या आत दिसतं. पंजाबसारखी राज्यं पाहिली तर आपली अवस्था कितीतरी बरी. राजकोषीय तूटही त्या अंदाजात तीन टक्क्यांच्या आत होती. त्यामुळे ‘महाराष्ट्र दिवाळखोर झाला’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण कर्ज कशासाठी काढलं हे टक्क्यात दिसत नाही. शेतकरी विहिरीसाठी कर्ज काढतो तेव्हा पुढच्या वर्षी पाणी दिसतं. सणासाठी काढलं तर पुढच्या वर्षी फक्त हप्ता दिसतो. महसुली तूट म्हणजे रोजचा खर्च भागवायला काढलेलं कर्ज. ४५,८९१ कोटी हा आकडा मला राजकोषीय तुटीपेक्षा जास्त बोचतो तो यासाठी. शिवाय टक्केवारी काढताना ज्या उत्पन्नाने भागतो त्याचा मोठा भाग मुंबई, ठाणे, पुणे पट्ट्यातला आहे. कर्ज मात्र सगळ्या राज्याचं.

आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. २८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्प मांडला आणि ९ जुलैला, अवघ्या अकरा दिवसांत, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाच्या वरच्या जादा खर्चाच्या मागण्या) सभागृहात आल्या. घरातल्या कर्त्या माणसाने महिन्याचा हिशेब मांडून अकरा दिवसांत त्यात एवढी भर घातली असती तर आपण त्या हिशेबाला हिशेब म्हटलं नसतं.

हे विचार श्रीमंतांचे, कंपन्यांचे नाहीत का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि याचं उत्तर मी पुस्तकातून न देता घरातून देतो.

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातलं, कापसाचं. १९७१ च्या कायद्याने राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी योजना आली. हेतू चांगला होता: व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायचं. प्रत्यक्षात काय झालं? कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, दुसऱ्या कुणाला विकला तर गुन्हा. हद्दीपलीकडे भाव चढा असला तरी तिकडे नेता येत नसे. बाबांची बंडी संकलन केंद्राच्या फाटकाबाहेर रांगेत लागायची. दोन रात्री बंडीखालीच झोपायचं, बैलांचा कडबा सोबत बांधून न्यायचा. तिसऱ्या दिवशी कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर ढिगात हात घालायचा, बोटांत सरकी चोळायचा आणि एक शब्द बोलायचा. त्या एका शब्दावर वर्षाचं गणित ठरायचं. हुज्जत घालायची सोय नव्हती, कारण शेजारी दुसरं दुकान नव्हतं. मग चुकारे हप्त्याहप्त्याने. पहिला हप्ता मिळेपर्यंत सावकाराचं व्याज चालू. दुसऱ्याची वाट बघत आईने माझी शाळेची फी तीनदा पुढे ढकललेली मला आठवते.

ती मक्तेदारी या शतकाच्या सुरुवातीला संपली. तोवर योजनेने तिजोरीला हजारो कोटींचा खड्डा पाडला होता. म्हणजे शेतकऱ्याचंही भलं झालं नाही आणि करदात्याचंही नाही.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हे सगळं सभेत बसलेल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसांना समजावून सांगितलं. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले. शेतीचा हिशेब स्वतः मांडला तेव्हा त्यांना दिसलं की कष्ट करूनही शेती तोट्यात आहे, कारण भाव पाडले जातात. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा तिथून आली. त्यांचा ‘उणे सबसिडी’ हा शब्द तर मी प्रत्येक तरुणाने समजून घ्यावा म्हणेन. खतावर, विजेवर सरकार जे देतं ते मोजा. निर्यातबंदी, साठ्यावरची मर्यादा, लेव्ही (सरकारला ठरलेल्या भावाने सक्तीने द्यायचा माल) यांमुळे शेतकऱ्याला जे मिळत नाही तेही मोजा. वजाबाकी केली की उत्तर उणे येतं. जागतिक व्यापाराच्या गॅट कराराच्या वेळी भारताने स्वतः दिलेल्या १९८६-८९ च्या आकडेवारीतही शेतमालाला मिळणारा सरकारी आधार उणेच होता.

कांद्याचं ताजं उदाहरण आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली, मे २०२४ मध्ये अटी घालून ती उघडली, आणि शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. मधल्या काळात शेतकऱ्याचा जो भाव गेला तो कुठल्याही अर्थसंकल्पात खर्च म्हणून लिहिलेला सापडणार नाही. मग अनुदान जाहीर होतं, त्यासाठी सातबारा, पीकपेरा, बाजार समितीची पट्टी घेऊन तोच शेतकरी पुन्हा रांगेत.

एका हाताने काढून घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्यातलं थोडं परत देऊन माय-बाप म्हणवून घ्यायचं. या पानावरच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी माझी हीच एक तक्रार आहे. पहिला हात मागे घ्या, मग दुसऱ्या हातातलं बरंचसं लागणारच नाही.

मग ‘लाडकी बहीण’ला तुमचा विरोध आहे का?

सरसकट नाही. हे ऐकून आमच्यातले काही नाराज होतात.

२१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये थेट जमा होतात. गरिबाला मदत करायचीच असेल तर मला हा मार्ग वस्तू वाटण्यापेक्षा चांगला वाटतो. ‘आनंदाचा शिधा’ आठवा: रवा, साखर, डाळ, तेल यांचा शंभर रुपयांतला संच. त्याला निविदा लागायची, पिशव्या छापाव्या लागायच्या, ट्रक लागायचे, आणि दिवाळीचा संच कुठे कुठे दिवाळी झाल्यावर पोचायचा. पैसे बाईच्या हातात आले तर तिला गोडेतेल हवं की मुलाची वही हे ती ठरवते. मिल्टन फ्रीडमनसारखा खुल्या बाजाराचा कट्टर पुरस्कर्ताही गरिबांना रोख मदत द्या असंच म्हणायचा.

माझा आक्षेप तीन ठिकाणी आहे. योजना निवडणुकीच्या चार-पाच महिने आधी आली आणि अर्जांची छाननी निवडणुकीनंतर सुरू झाली. २०२५-२६ मध्ये तिच्यासाठी ३६,००० कोटींची तरतूद झाली. त्याच वर्षीची महसुली तूट ४५,८९१ कोटी आहे, म्हणजे या पैशाचा बराच भाग उसना आहे. आणि तिसरं, जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: ही रोख मदत जुन्या कुठल्याच योजनेच्या जागी आली नाही, सगळ्यांच्या वर आली. दहा योजना बंद करून त्यांचा पैसा एकत्र करून बहिणीच्या खात्यात टाकला असता, तर मी तिचं उघड समर्थन केलं असतं.

शेतीपंपाला मोफत वीज दिली तर शेतकऱ्याचंच भलं ना?

२००४ च्या निवडणुकीआधी मोफत वीज आली आणि निवडणुकीनंतर वर्षभरात गेली. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षांसाठी पुन्हा आली. ४४ लाख शेतकरी, वर्षाला १४,७६० कोटींचा भार.

फुकट वस्तूची तक्रार करायचा हक्क राहत नाही, हे गावात कुणालाही विचारा. रात्रीच्या पाळीची वीज येते, माणूस दोन वाजता बॅटरी घेऊन विंचवाकाट्यातून, बिबट्याच्या भीतीत पाणी धरायला जातो. ट्रान्सफॉर्मर जळाला तर वर्गणी काढून तो उतरवायचा. ज्या ग्राहकाकडून दमडी मिळत नाही त्याच्याकडे वीज कंपनी धावत का येईल? शिवाय विनामीटर पंपाचा वापर अंदाजाने धरला जातो, आणि त्या अंदाजाच्या पोटात गळती व चोरी खपवली जाते असा वीज ग्राहक संघटनांचा जुना आरोप आहे.

बाकीची किंमत कारखानदार आणि दुकानदार चढ्या दराने भरतात. त्या दराला कंटाळून यंत्रमागवाला किंवा फौंड्रीवाला शेजारच्या राज्याकडे बघतो, आणि शेतकऱ्याच्या मुलाला मिळू शकणारी नोकरी तिकडे जाते. दिवसा आठ तास भरवशाची वीज आणि मीटरप्रमाणे वाजवी बिल, हे बहुतेक बागायतदार आनंदाने घेतील. ज्याला परवडत नाही त्याला बिलाइतकी रक्कम खात्यात द्या. दिवसाच्या विजेसाठी सौर वाहिन्यांचं काम चालू आहे ते मला योग्य दिशेचं वाटतं.

कर कमी केला की महसूल वाढतो, हे खरं का?

कधी कधी. नेहमी नाही, आणि तसं छातीठोक सांगणाऱ्यापासून जपून राहा, मग तो आमच्या गोटातला असला तरी.

कोरोनाच्या काळात १ सप्टेंबर २०२० पासून राज्याने मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणलं, आणि जानेवारी ते मार्च २०२१ साठी तीन टक्के ठेवलं. डिसेंबर २०२० मध्ये एकट्या मुंबईत १९ हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले, आदल्या डिसेंबरच्या जवळपास तिप्पट. नोंदणी कार्यालयांपुढे रांगा लागल्या. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यातले बरेच व्यवहार पुढच्या वर्षी होणारच होते, मुदत संपण्याआधी लोकांनी उरकून घेतले. गृहकर्जाचे दरही तेव्हा खाली होते.

तरी त्यातून एक धडा मिळतो. पाच-सहा टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे घर बदलण्यावरचा दंड आहे. नोकरी पिंपरीहून ठाण्याला गेली तर माणूस घर विकून घर घेत नाही, रोज पाच तास प्रवास करतो. या करातून महसूल येतो तो दिसतो. न झालेले व्यवहार, न बदललेली घरं दिसत नाहीत. उलट बाजूचं उदाहरणही द्यायला हवं: ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर रुपयांचा मुद्रांक पाचशेचा झाला. साध्या करारनाम्यासाठी येणाऱ्या माणसाच्या खिशातून चारशे जास्त. त्याने राज्याचं उत्पन्न वाढलं असेल, पण हा भार पडला तो कागदपत्रांसाठी सर्वांत जास्त हेलपाटे घालणाऱ्यावर.

‘तात्पुरता’ कर परत जातो का?

क्वचितच. पगाराच्या पावतीवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ना, तो व्यवसाय कर. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायचा म्हणून १९७५ मध्ये तो लागला. नंतर केंद्राने देशभर रोजगार हमीचा कायदा केला आणि मजुरीचा मोठा वाटा उचलला, कर मात्र राहिला. वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा राज्यघटनेतच आहे म्हणून तो तिथे थांबला आहे. २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लीटरमागे दोन रुपयांचा अधिभार आला. पाऊस त्यानंतर कितीदा चांगला झाला, पेट्रोलवरचा लीटरमागचा अधिभार आहेच.

प्रत्येक नव्या करासोबत त्याची अखेरची तारीख कायद्यातच लिहा, ही आमची मागणी.

जकात गेली, ते तर तुमच्या मनासारखं झालं?

अर्धं. दहिसर, मुलुंड, मानखुर्दच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांना जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, गेल्याचं दुःख होणार नाही. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपली. इतर महापालिकांत तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला होता, तोही त्याआधीच बहुतेकांसाठी गेला.

पण महापालिकेचं स्वतःचं सर्वांत मोठं उत्पन्न गेलं आणि ती राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसली. त्यात जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांच्या आतील घरांचा मालमत्ता कर माफ झाला. ज्या शहराला नागरिक काही देत नाहीत, त्या शहराचा हिशेब नागरिक मागत नाहीत. जो खर्च करतो त्यानेच कर गोळा करावा आणि त्यासाठी मतदाराचा रोष पत्करावा, हे आमच्या विचाराचं जुनं सूत्र आहे. गावापासून मुंबईपर्यंत आपण नेमके उलटे चाललो आहोत.

टोलमाफीचं तरी स्वागत कराल?

नाही, आणि इथे मी बहुतेक वाचकांचा रोष ओढवून घेतो. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. जो रस्ता वापरतो त्याने पैसे द्यावेत, यापेक्षा न्याय्य काही नाही. टोल थांबला तरी करारातली देणी थांबत नाहीत. ती तिजोरीतून जातात, म्हणजे मेळघाटातल्या माणसाने भरलेल्या डिझेलच्या करातूनही. लोकांचा राग खरा होता, पण तो टोलवर नव्हता. किती गाड्या गेल्या, किती वसुली झाली, रस्त्याचा खर्च कधीच फिटला की नाही, हे कुणी सांगत नव्हतं त्याचा तो राग होता. प्रत्येक नाक्यावर रोजची वसुली आणि अखेरची तारीख मोठ्या फलकावर लावली असती तर भांडण निम्मं मिटलं असतं.

परवाने आणि निर्बंध यांचा तिजोरीशी काय संबंध?

थेट आहे. मुंबईच्या जुन्या इमारती बघा. १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचं भाडं! गिरगाव, लालबाग, भेंडीबाजारातल्या मालकाने काय म्हणून जिन्याचा कठडा दुरुस्त करावा? त्याने केला नाही. भिंतीतून पिंपळ उगवले, इमारती कोसळू लागल्या. मग १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळ काढलं, उपकर लावला, टेकू लावायला पैसा ओतला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये गोठवलेली भाडी आता समर्थनीय नाहीत असं म्हटल्यावर १९९९ चा नवा कायदा आला आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. ती वाढही अगदी तुटपुंज्या जुन्या भाड्यावर. दरम्यान पागडीचा, म्हणजे भाड्याच्या खोलीच्या हक्कासाठी वेगळी रक्कम मोजण्याचा, काळा बाजार फोफावला आणि तीन पिढ्या त्या टेकूंखाली राहिल्या. भाडेकरूला दोष देत नाही. तोही अडकलेलाच आहे.

रिक्षांचं तसंच. १९९७ मध्ये राज्याने नवी परमिटं बंद केली ती २०१७ पर्यंत. परमिट म्हणजे कागद, पण वीस वर्षं त्याची बाजारात किंमत होती. गाडी चालवणारा रोजच्या भाड्याने राबायचा आणि कमाई ज्याच्या नावावर परमिट आहे त्याची.

साखरेत दोन कारखान्यांमध्ये २५ किलोमीटरचं हवाई अंतर हवं ही अट आहे. शेजारी दुसरा कारखाना आला तर ऊस पळवला जाईल ही भीती. पण ऊस ‘पळवणं’ म्हणजे शेतकऱ्याला जास्त भाव देणं! अट कारखान्याला वाचवते, तरी कारखाना बुडतोच, आणि मग सरकारी भागभांडवल, थकहमी (कारखान्याने कर्ज फेडलं नाही तर सरकार फेडेल अशी हमी), पुन्हा कर्ज. कागदावरची थकहमी बँकेने वसूल करायला घेतली की ती करदात्याच्या माथी येते.

खाजगीकरणाचं काय होतं ते एन्रॉनने दाखवलं नाही का?

एन्रॉनने दाखवलं ते वेगळंच. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाची वीज निविदा न काढता, वाटाघाटीने ठरली. वीज मंडळाने वीज घेतली नाही तरी ठरावीक आकार द्यायचा, दर डॉलरशी बांधलेला, वर राज्याची हमी आणि राज्याने पैसे दिले नाहीत तर केंद्र देईल अशी केंद्राची प्रतिहमी. जोखीम सगळी जनतेची, नफा कंपनीचा. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत कंपनीच बुडाली. ज्या व्यवहारात स्पर्धा नाही आणि नुकसान सोसायची तयारी नाही त्याला खुला बाजार म्हणत नाहीत. उद्योगपतींना जमीन, करपरतावा, सवलतींची पॅकेजं देण्यालाही माझा याच कारणाने विरोध आहे. ज्याची मंत्रालयात ओळख आहे त्याला सवलत आणि ज्याची नाही त्या लेथवाल्याला चढी वीज, हे बंद व्हायला हवं.

शाळा आणि दवाखाने तरी सरकारनेच चालवावेत ना?

पैसा सरकारने द्यावा, यावर माझी हरकत नाही. चालवावं सरकारनेच, असं नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के प्रवेशांत हेच तत्त्व आहे: मूल खाजगी शाळेत, फी शासनाकडून. आज ती प्रतिपूर्ती वर्षानुवर्षं थकते म्हणून शाळा नाखूश असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलून जवळ सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेला सूट दिली, तो बदल मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये रद्द केला. मला तो निकाल योग्य वाटला. मोलकरणीच्या मुलीलाही शाळा निवडता यावी आणि पैसा तिच्यामागे जावा. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा उत्तम चालतात, त्यांना या निवडीची भीती वाटायचं कारण नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही रुग्ण दवाखाना निवडतो. बिलं वेळेवर मिळाली तर ती आणखी चांगली चालेल.

सरकारी कर्मचाऱ्यांच्या जुन्या पेन्शनबद्दल?

निवृत्तीनंतर तिजोरीतून आयुष्यभर ठरावीक रक्कम देणारी ही पेन्शन १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांसाठी बंद झाली. त्यांची असुरक्षितता खरी आहे, मार्च २०२३ च्या संपात ती दिसली. पण जुनी पेन्शन म्हणजे आज सही करून वीस-तीस वर्षांनंतरच्या करदात्याला बिल पाठवणं. त्या करदात्याला आज मत नाही.

हा विचार पाश्चात्त्य नाही का? आपल्या मातीत कुठे आहे?

एन्रॉनचा प्रकल्प ज्या गुहागर तालुक्यात उभा राहिला, त्याच तालुक्यातल्या कोतळूकला १८६६ साली गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. १९०२ मध्ये कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी पहिलं अर्थसंकल्पीय भाषण केलं. सरकार शिलकी अर्थसंकल्पाबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेत होतं. गोखल्यांनी मांडलं की ही शिल्लक लोकांच्या भरभराटीची नाही, गरजेपेक्षा जास्त कर उकळल्याची आहे. मिठावरचा कर मणाला अडीच रुपये होता. पुढच्याच वर्षी तो दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एका रुपयावर. याच गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणावर सरकारने जास्त खर्च करावा म्हणून जिवाचं रान केलं. कर कमी आणि मूलभूत कामावर खर्च नेमका, हे दोन्ही एकाच माणसाच्या भाषणात सापडतं.

बाबासाहेब आंबेडकरांना खुल्या बाजाराचे म्हणणं चुकीचं होईल, ते राज्य समाजवादाचे होते. पण प्रांतांनी आपल्या कराची आणि खर्चाची जबाबदारी स्वतः घ्यावी की नाही, हा त्यांच्या १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा विषय होता. १९५६ मध्ये मुंबईत अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफ यांनी फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज स्थापन केला आणि पुढे कायदेपंडित नानी पालखीवालांचं अर्थसंकल्पावरचं भाषण ऐकायला ब्रेबॉर्न स्टेडियम भरू लागलं. कराच्या आकड्यांसाठी क्रिकेटचं मैदान भरत होतं, तेही याच शहरात.

मी एकटा माणूस, अर्थसंकल्पात नेमकं काय बघू?

राज्याच्या वित्त विभागाच्या संकेतस्थळावर अर्थसंकल्पाची कागदपत्रं मराठीत मिळतात. सगळी वाचायची गरज नाही. आधी महसुली तुटीचा आकडा शोधा आणि मागच्या वर्षीशी ताडून बघा. मग ‘सुधारित अंदाज’ नावाचा रकाना: गेल्या वर्षी जे करू म्हणाले त्यातलं किती केलं ते तिथे दिसतं. भांडवली कामांची तरतूद सुधारित रकान्यात बहुधा आटलेली आढळेल, कारण पगार-व्याज थांबवता येत नाही, रस्ता थांबवता येतो. नंतर शासनाने दिलेल्या हमींची यादी बघा, कुठल्या महामंडळाची, कुठल्या कारखान्याची. शेवटी प्रत्येक अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या.

तुमच्या तालुक्याची एक योजना निवडा आणि तिचं लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातला तिच्या खात्याचा क्रमांक) वहीत लिहून ठेवा. तरतूद किती, वाटप किती, खर्च किती, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मिळतं. मी आमच्या गावच्या पांदण (शेतांकडे जाणाऱ्या) रस्त्याचं विचारलं होतं. उत्तर एकतिसाव्या दिवशी आलं, दोन ओळींचं. ते ग्रामसभेत वाचून दाखवल्यावर पावसाळ्याआधी मुरूम पडला.